प्रणाली आपली, कर्नेल कंपनीचा

११ ऑक्टोबर २०१७ रोजी फिनलंडमधल्या योला या छोट्या कंपनीने सोनीच्या एक्स्पीरिया एक्स या फोनसाठी ‘सेलफिश एक्स’ विक्रीला काढले. जपानी कंपनीचा फोन घ्यायचा, त्यातले अँड्रॉइड पुसायचे आणि त्या जागी लिनक्सवर उभी असलेली दुसरी प्रणाली बसवायची. हे सगळे सोनीच्या संमतीने आणि तिच्याच ‘ओपन डिव्हाइसेस’ उपक्रमाच्या आधाराने होत होते. मोबाइलच्या जगात असे क्वचितच घडते. पण या प्रणालीच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नेल ३.१० या मालिकेतला होता, म्हणजे मूळचा जून २०१३ मधला. लिनक्सच्या विकासकांनी त्या मालिकेतली शेवटची सुधारणा, ३.१०.१०८, ४ नोव्हेंबर २०१७ ला काढली आणि मालिका बंद केली. विक्री सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच नव्या प्रणालीच्या पायाखालचा कर्नेल निवृत्त झाला.

योलाने नवा कर्नेल का घेतला नाही? कारण ते तिच्या हातात नव्हते. तो कर्नेल क्वालकॉमच्या चिपसाठी क्वालकॉमने बेतलेला, मग सोनीने आपल्या फोनसाठी जुळवलेला, आणि तिथून योलाकडे आलेला. मोबाइलवर मुक्त स्रोत प्रणाली चालवू पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी याच जागी येऊन थांबतो. आपल्या हातातल्या यंत्राचे आयुष्य वर दिसणाऱ्या प्रणालीवर ठरत नाही. खालचा कर्नेल कोणाच्या ताब्यात आहे, यावर ते ठरते. जपानमध्ये ही गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा, वेगवेगळ्या रूपांत घडली आहे.

आधी कर्नेलचे काम पाहू. प्रणालीचा जो भाग थेट यंत्राशी बोलतो तो कर्नेल. तो स्मृती वाटून देतो, कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ मिळणार ते ठरवतो आणि ड्रायव्हरमार्फत पडदा, कॅमेरा, वाय-फाय, मोडेम यांना कामाला लावतो. घरच्या संगणकावर एक लिनक्स काढून दुसरे टाकणे सोपे जाते, कारण आपल्यात कोणकोणते भाग बसवले आहेत हे संगणकाने सुरू होताना सांगावे, याची ठरलेली पद्धत आहे. मोबाइलच्या एआरएम चिपमध्ये तशी सर्वमान्य पद्धत नाही. पडद्याला वीज कुठून मिळते, टचचा सेन्सर कोणत्या जोडणीवर आहे, हे कर्नेलला आधीच लिहून द्यावे लागते. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमच्या कोडमधल्या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर ही माहिती ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची रीत रुजली. रीत चांगलीच आहे, पण ती फाइल लिहायला यंत्राची आतली माहिती लागते आणि ती असते कंपनीकडे.

चिप बनवणारी कंपनी लिनक्सची एखादी आवृत्ती निवडते, तिच्यात आपल्या चिपसाठी प्रचंड कोड घालते आणि फोनच्या कंपन्यांना देते. हा कोड बहुतेक वेळा मूळ लिनक्समध्ये परत जात नाही. इकडे मूळ लिनक्स पुढे सरकत राहते आणि कर्नेलच्या आतल्या जोडण्या आवृत्तीगणिक बदलत जातात. दोन-तीन वर्षांत दोन्हींमधले अंतर इतके वाढते की कंपनीची भर उचलून नव्या कर्नेलवर ठेवणे म्हणजे ती जवळजवळ नव्याने लिहिणे होते.

लिनक्सच्या जीपीएल परवान्यामुळे कंपनीला कर्नेलचा सोर्स कोड द्यावा लागतो, आणि बऱ्याच कंपन्या तो देतातही. पण ग्राफिक्स, कॅमेरा आणि मोडेम चालवणाऱ्या लायब्ररी व फर्मवेअर हे कर्नेलच्या बाहेर असतात. त्यांना तो परवाना लागू होत नाही. त्या मिळतात फक्त तयार बायनरी स्वरूपात, ज्यांना विकासक ‘ब्लॉब’ म्हणतात. भाड्याच्या घरात भिंतींना हवा तो रंग द्यावा, पण नळाची जोडणी आणि मीटरची पेटी मालकाच्या कुलपात असावी, तशी ही अवस्था आहे.

आता जपानकडे येऊ. १९९९ मध्ये नेटबीएसडी या मुक्त प्रणालीत ‘एचपीसीमिप्स’ नावाची शाखा सुरू झाली. एनईसीच्या मोबाइल गियरसारखे, विंडोज सीईवर चालणारे हातातले संगणक हे तिचे लक्ष्य होते आणि त्यामागे जपानी हौशी विकासकांचा मोठा वाटा होता. या यंत्रांत विंडोज सीई रॉममध्येच असे. ती पुसण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी ‘पीबीएसडीबूट’ नावाचा प्रोग्रॅम वापरला. तो विंडोजमधून एखाद्या साध्या अॅपसारखा सुरू व्हायचा, नेटबीएसडीचा कर्नेल स्मृतीत चढवायचा आणि यंत्राचा ताबा त्याच्याकडे द्यायचा. कंपनीची प्रणाली फक्त दार उघडण्यापुरती वापरायची, ही युक्ती पुढे पुन्हा पुन्हा कामाला आली.

पण खरा जिवंत प्रयोग घडला तो शार्पच्या झाउरसवर. डिसेंबर २००२ मध्ये शार्पने झाउरसचे एसएल-सी७०० हे मॉडेल बाजारात आणले. मिटता येणारा, पूर्ण कीबोर्ड असलेला, ३.७ इंची पडद्यावर ६४० बाय ४८० बिंदू दाखवणारा आणि मुळातच लिनक्सवर चालणारा हा खिशातला संगणक होता. त्याच घराण्यातला एसएल-सी३००० हा २००४ मध्ये ४ जीबीच्या चिमुकल्या हार्ड डिस्कसह आला. ही सी मालिका अधिकृतपणे फक्त जपानमध्ये विकली गेली. तरीही युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी ती आयात करून घेतली, कारण खिशात मावणारे आणि उघडून पाहता येणारे लिनक्स त्या काळी दुसरीकडे सहज मिळत नव्हते. शार्पच्या सोर्स कोडमध्ये प्रत्येक मॉडेलला कुत्र्याच्या जातीचे नाव होते: कॉर्गी, शेफर्ड, हस्की, स्पिट्झ, आणि जपानच्या स्वतःच्या अकिता व तोसा. आजही त्या यंत्रांवर काम केलेले लोक मॉडेलचा क्रमांक सांगत नाहीत, जात सांगतात.

शार्पचा कर्नेल लिनक्सच्या २.४ मालिकेतला होता. ‘ओपनझाउरस’ या प्रकल्पाने शार्पची वरची प्रणाली काढून आपली बसवली, पण कर्नेल बदलताना अडचण आली ती एसडी कार्डाच्या खाचेमुळे. तिचा ड्रायव्हर शार्पने फक्त बायनरी स्वरूपात दिला होता आणि तो एका ठरावीक कर्नेलशीच जुळत होता. कर्नेल बदलला की कार्ड बंद! एका छोट्या फाइलने संपूर्ण यंत्र जुन्या कर्नेलला बांधून ठेवले. ही गाठ सुटली ती रिचर्ड पर्डी यांच्यासारख्या विकासकांनी झाउरसचा आधार मूळ लिनक्सच्या २.६ मालिकेत नीट लिहून घातल्यावर. एकदा कोड मूळ लिनक्समध्ये गेला की पुढचे बदल करणारे लोक त्यालाही बरोबर घेऊन चालतात. झाउरसचे उत्पादन थांबल्यावरही कितीतरी वर्षे नवे कर्नेल त्यावर चालत राहिले, ते याच कारणाने.

याच काळात ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीनेही झाउरसला हात घातला. मे २००५ च्या ३.७ आवृत्तीत एसएल-सी३००० साठी ती उपलब्ध झाली. पद्धत जुन्या पीबीएसडीबूटच्याच वळणाची होती. आधी शार्पचे लिनक्स सुरू व्हायचे, मग त्यात एक खास कर्नेल मॉड्यूल चढवले की ते ओपनबीएसडीचा कर्नेल आणून त्याच्या हाती यंत्र सोपवायचे. कंपनीचा कर्नेल स्वतःच्या वारसाला गादीवर बसवून बाजूला होतो, असे हे दृश्य तांत्रिक कौशल्य म्हणून मला फार सुंदर वाटते.

झाउरसचा सर्वांत मोठा ठेवा मात्र वेगळाच आहे. ओपनझाउरससाठी उभारलेल्या साधनांमधून ‘ओपनएम्बेडेड’ निघाले आणि २०१० मध्ये त्याच्या पायावर ‘योक्टो’ प्रकल्प उभा राहिला. आज मोटारींपासून राउटरपर्यंत असंख्य यंत्रांतले लिनक्स योक्टोने घडवले जाते.

त्याच वर्षांत जपानी मोबाइल फोनमध्येही लिनक्स शिरले होते, पण बंद दाराआड. २००३ मध्ये मात्सुशिता, सोनी, हिताची, एनईसी, शार्प, तोशिबा यांनी फिलिप्स व सॅमसंगसह ‘सीई लिनक्स फोरम’ स्थापन केला. २००४ च्या अखेरीपासून डोकोमो या मोबाइल सेवा कंपनीच्या ‘फोमा’ या थ्रीजी सेवेसाठी एनईसी आणि पॅनासॉनिकने बनवलेले फोन लिनक्सवर चालू लागले. अँड्रॉइड यायच्या कितीतरी आधी लक्षावधी जपानी लोकांच्या खिशात लिनक्स कर्नेल होता, पण वापरणाऱ्याला त्याला हात लावायला कुठेही जागा नव्हती. कोड मुक्त असला म्हणजे यंत्र मुक्त असतेच असे नाही, हे फोमाने दाखवून दिले.

सप्टेंबर २००९ मध्ये शार्पने आणलेल्या नेटवॉकरचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पाच इंची पडद्याचे हे छोटे यंत्र चक्क उबुंटू ९.०४ घेऊन आले. फ्रीस्केलची एआरएम चिप, तिच्यासाठी बेतलेला कर्नेल आणि वर सर्वांना परिचित उबुंटू. पण उबुंटूच्या त्या आवृत्तीला आधार होता फक्त १८ महिन्यांचा, आणि तो ऑक्टोबर २०१० मध्ये संपला. संगणकावर असे झाले तर पुढची आवृत्ती टाकावी. इथे मात्र पुढच्या आवृत्तीच्या खाली त्या चिपला ओळखणारा कर्नेल हवा होता आणि तो जुळवून देणे कंपनीच्या हातात होते. बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेले यंत्र असे एका जागी अडकले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘एयू’ ही मोबाइल सेवा चालवणाऱ्या केडीडीआयने आणलेला ‘एफएक्स झीरो’ हा तोकुजिन योशिओका यांनी रेखलेला पारदर्शक फोनही याच वाटेने गेला. त्यावर मोझिलाची फायरफॉक्स ओएस होती, पण तिचा तळ अँड्रॉइडसाठी बनलेल्या कर्नेल आणि ड्रायव्हरांवरच उभा होता. वर्षभरात मोझिलाने फोनचा नाद सोडला.

अँड्रॉइडचे ड्रायव्हर दुसऱ्या प्रणालीत चालतात तरी कसे, हे इथे सांगितले पाहिजे. अँड्रॉइडमधले प्रोग्रॅम ‘बायॉनिक’ या मूलभूत सी लायब्ररीवर अवलंबून असतात. नेहमीच्या लिनक्समध्ये तिच्या जागी ‘जीलिबसी’ असते. एकासाठी बनलेला ब्लॉब दुसरीवर चालत नाही. २०१२ मध्ये कार्स्टन मुंक यांनी ‘लिबहायब्रिस’ पुढे आणले. नेहमीच्या लिनक्समधल्या प्रोग्रॅमला अँड्रॉइडचे ड्रायव्हर वापरू देणारा हा दुभाषी. सेलफिश आणि उबुंटू टच यांच्यामागे हाच आधार आहे. याने फोन लवकर चालू होतो, ग्राफिक्स आणि कॅमेरा मिळतो, पण कंपनीचा कर्नेल आणि कंपनीचे ब्लॉब यांची जोडी कायमची गळ्यात पडते.

सोनीने या बाबतीत इतरांपेक्षा जास्त मोकळेपणा दाखवला, हे मान्य केलेच पाहिजे. २०११ मध्ये सोनी एरिक्सनने, म्हणजे सोनीच्या तेव्हाच्या भागीदारीतल्या फोन कंपनीने, बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम) उघडण्याची अधिकृत सोय केली. ऑगस्ट २०१२ मध्ये एक्स्पीरिया एस हा फोन अँड्रॉइडच्या मूळ मुक्त प्रकल्पात घेण्याचा प्रयोग झाला. पुढे सोनीने आपल्या अनेक फोनसाठी कर्नेल, बांधणीच्या सूचना आणि लागणाऱ्या बायनरी एकत्र उपलब्ध केल्या. सेलफिश बसवणाऱ्याला आजही त्या बायनरीची फाइल सोनीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावी लागते, कारण ती दुसऱ्याने वाटायची नाही. शार्पने कुत्र्यांची नावे दिली तशी सोनीने आपल्या फोनकुळांना नद्यांची दिली: लोआर, तोने, योशिनो, नाईल, तामा, एदो. एक्स्पीरिया १० च्या कुळाचे नाव ‘गँजेस’, म्हणजे आपली गंगा.

मोकळेपणाला किंमतही होती. काही वर्षांच्या मॉडेलमध्ये बूटलोडर उघडला की फोनमधल्या सुरक्षित किल्ल्या पुसल्या जायच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कॅमेऱ्याची प्रक्रिया बंद व्हायची. कमी उजेडातले फोटो लगेच खराब यायचे. आणि जपानमधल्या माणसासाठी सर्वांत कडू भाग पुढे आहे. डोकोमो, एयू, सॉफ्टबँक या मोबाइल सेवा कंपन्यांनी विकलेल्या एक्स्पीरियांच्या सर्व्हिस मेनूत बहुधा ‘बूटलोडर उघडण्यास परवानगी: नाही’ असेच लिहिलेले असते. तोक्योच्या कंपनीचा फोन हेलसिंकीत उघडतो, पण तोक्योत विकलेला उघडत नाही. अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या फोनवर सिमलॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम चालू न देणारे कुलूप, ठेवायला बंदी केली. बूटलोडरच्या कुलपाला तो नियम शिवत नाही. माझ्या मते कंपनी ज्या दिवशी सुरक्षेच्या सुधारणा देणे थांबवते, त्या दिवसापासून ते कुलूप उघडून देणे तिच्यावर बंधनकारक असायला हवे.

सुरक्षेचा प्रश्न काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काउ’ ही कर्नेलमधली त्रुटी उघड झाली. ती २००७ पासून तिथे होती आणि तिच्या आधारे साधा प्रोग्रॅम फोनचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. मूळ लिनक्समध्ये दुरुस्ती लगेच झाली. पण कंपनीने सोडून दिलेल्या कर्नेलवर ती कोण बसवणार? सोर्स कोड उपलब्ध असेल तर स्वयंसेवक बसवतात. कुलूप बंद असेल तर तेही करता येत नाही.

समजा, कुलूप उघडले आणि प्रणाली बसली. जपानमध्ये त्यानंतरही काही गोष्टी फोनला जमाव्या लागतात. पहिली गोष्ट कॉलची. एयूचे थ्रीजी ३१ मार्च २०२२ ला बंद झाले, सॉफ्टबँकचे जानेवारी २०२४ मध्ये. भूकंप झालेल्या इशिकावा प्रांतात तेवढे ते जुलैअखेरपर्यंत चालू ठेवले होते. डोकोमोच्या फोमासाठी ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख ठरली. यापुढे आवाज जातो तो व्होल्टीई या पद्धतीने, फोरजीच्या डेटा जाळ्यातून. जुन्या पद्धतीत मोडेमला ‘हा नंबर लाव’ एवढे सांगितले की भागत असे. व्होल्टीईत फोन आणि कंपनीचे सर्व्हर यांच्यात बराच संवाद व्हावा लागतो, आणि तो घडवून आणणारे सॉफ्टवेअर बहुतेक चिपवर ब्लॉबच्या रूपात असते, अँड्रॉइडलाच बांधलेले. म्हणून मुक्त प्रणालीच्या फोनवर नकाशे उघडतात, मेल येते, पण फोन लागत नाही, असे होऊ शकते. पोलिसांचा ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमनाचा ११९ लागत नसेल तर तो एकमेव फोन म्हणून जवळ बाळगू नये.

दुसरी गोष्ट भूकंपाच्या इशाऱ्याची. हवामान संस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये हे इशारे सर्वसामान्यांसाठी सुरू केले आणि त्याच डिसेंबरात डोकोमोची ‘एरिया मेल’ सेवा आली. टॉवर एकाच वेळी परिसरातल्या सगळ्या फोनना संदेश प्रसारित करतो, म्हणून गर्दीने जाळे तुंबले तरी तो पोहोचतो. मोडेमला तो मिळतो. पण तो ओळखून, फोन मूकस्थितीत असला तरी मोठ्याने वाजवायचे काम वरच्या प्रणालीचे असते. तो भाग कोणी लिहिला नसेल, तर खोलीतले सगळे फोन एकदम ओरडतील आणि आपला शांत राहील. तोक्योत एदोगावासारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट कायद्याची. रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणाला जपानमध्ये ‘गितेकी’ चिन्ह लागते. ते नसलेले उपकरण वापरणे रेडिओ कायद्याचा भंग ठरू शकते. बहुतेक फोनमध्ये हे चिन्ह आता सेटिंग्जमधल्या एका पानावर दिसते, म्हणजे प्रणाली बदलली की ते पानही जाते. परदेशातून मागवलेल्या, चिन्ह नसलेल्या प्रयोगशील फोनसाठी नोव्हेंबर २०१९ पासून एक सवलत आहे. तिच्या अटींत बसणारे वाय-फाय, ब्लूटूथ उपकरण सरकारला कळवून प्रयोगासाठी १८० दिवसांपर्यंत वापरता येते. शिवाय पाकिटाचा प्रश्न राहतोच. २००४ मध्ये डोकोमोने सुरू केलेले फोनमधले पैशांचे पाकीट आणि २००६ पासूनचे ‘मोबाइल सुइका’ हे रेल्वेप्रवासाचे कार्ड फेलिका नावाच्या चिपवर चालतात, पण तिच्याशी बोलणारी अॅप फक्त कंपन्यांनी मान्य केलेल्या प्रणालींसाठीच असतात.

यातून बाहेर पडण्याचा रस्ता झाउरसच्या वेळी सापडला होता तोच आहे: यंत्राचा आधार मूळ लिनक्समध्ये नेणे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाने फोन दहा वर्षे चालावा हेच ध्येय ठेवले. सोनीच्या फोनसाठी सोमेनलाइन या गटाने हे कष्टाचे काम केले आणि आज एक्स्पीरिया एक्सझेड२ च्या तामा कुळाचे वर्णन करणाऱ्या फाइली मूळ लिनक्समध्ये आहेत. गूगलनेही आपल्या परीने पाऊल टाकले. ५.१० पासूनच्या अँड्रॉइड कर्नेलमध्ये सर्वांसाठी एक समान गाभा आणि चिप कंपन्यांची मॉड्यूल वेगळी, अशी विभागणी झाली. ब्लॉब तरीही ब्लॉबच राहतात, पण गाभ्याची दुरुस्ती आता त्यांच्यासाठी अडून बसत नाही.

जुना कर्नेल सांभाळणे अशक्य असते असे कोणी म्हणाले तर त्याला जपानचेच उदाहरण दाखवावे. हिताची, तोशिबा आणि प्लॅटहोम या जपानी कंपन्यांनी सीमेन्स व कोडथिंक यांच्यासह २०१६ मध्ये ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ सुरू केला. वीज केंद्रे आणि रेल्वे यांसारख्या ठिकाणची यंत्रे दशकानुदशके चालतात, म्हणून त्यांनी ४.४ हा कर्नेल निवडला आणि जानेवारी २०२७ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या घालत राहण्याचे ठरवले. मूळ लिनक्समध्ये मात्र ४.४ ची साथ त्या मुदतीच्या कितीतरी आधी संपली. फोनच्या बाबतीत हे होत नाही, कारण तिथे दर दोन-तीन वर्षांनी नवा फोन विकण्यात सर्वांचा फायदा आहे.

जपानमध्ये राहून हा प्रयोग करायचा असेल तर आधी दुसरा, साधा फोन कॉलसाठी आणि भूकंपाच्या इशाऱ्यांसाठी चालू ठेवावा. वापरलेल्या फोनच्या बाजारातून एक्स्पीरिया घेताना मोबाइल सेवा कंपनीचा नव्हे तर सुटा विकलेला घ्यावा आणि पैसे देण्याआधी सर्व्हिस मेनूत बूटलोडरची ओळ वाचावी. सुइकातली शिल्लक आधी दुसरीकडे हलवावी. मग पोस्टमार्केटओएसच्या यादीत आपल्या मॉडेलसमोर कर्नेल कंपनीचा लिहिला आहे की मूळ लिनक्सचा, ते पाहावे.